दोन मुसळांमधली उसंत

तलावाची तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडली आणि त्याच दिवशी जागेश्वरच्या ट्रॅक्टरचं लोखंडी चाक मोडलं. पाऊस कधीचा रुसलेला, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवणीच्या वयाबाहेर चाललेले, आणि मोठ्या मिनतवारीनं तलावाचं पाणी सुटलेलं. बांधीत, धानाच्या वावरात, पाणी उभं आहे तोवर चिखल झाला पाहिजे, चिखल झाला की बायका रोवायला उतरल्या पाहिजेत. कोंढा गावाच्या या अंगाला चिखल करणारा ट्रॅक्टर एकच, जागेश्वरचा. त्याचं चाक सांधणारा माणूसही एकच, हिरालाल.

हे चाक म्हणजे रबरी टायरला जोडून लावायचा लोखंडी पिंजरा. चिखलात ट्रॅक्टर रुतू नये म्हणून. खाली दगड लागला की त्याच्या पट्ट्या उखडतात. दरवर्षी उखडतात, दरवर्षी हिरालाल सांधून देतो. रोवणीच्या दिवसांत त्याच्या टिनाच्या शेडमधून अवजार तुटक्या अंगानं परत गेलं असं कोणी पाहिलं नव्हतं. हिरालाल स्वतःच हे इतक्यांदा सांगायचा की न पाहिलेल्यांनाही ते पाठ होतं.

या वेळी मात्र चाक शेडसमोर उतरलं तेव्हा हिरालाल दारात बसून नुसता मिशी कुरवाळत होता.

"काय गा, मशीन चालू कर ना," जागेश्वर म्हणाला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला दुपट्टा. "बांधीतलं पाणी पिऊन राहिली जमीन."

"मशीन फुकली," हिरालाल म्हणाला.

"कोणती?"

"नवी."

नवी मशीन म्हणजे वेल्डिंगचा इन्व्हर्टर. संघपालनं, हिरालालच्या पोरानं, नागपूरहून आणली होती. तो तिकडे कंपनीत कामाला, सुट्टीपुरता गावात. मशीन त्यानं एका हातात धरून बसमधून उतरवली तेव्हा हिरालालला वाटलं पोरगं टिफीन घेऊन आलं. कारण जुनी मशीन शेडमध्ये आणायला चार माणसं आणि बैलबंडी लागली होती. तांब्याच्या तारेची आणि लोखंडाच्या पत्र्यांची ती धोंड आजही कोपऱ्यात बसलेली होती, आणि हिरालालचा तिच्यावरचा विश्वास तिच्या वजनाइतकाच होता. वजन नाही तं दम नाही, हे त्याचं शास्त्र. पण नवीनं पहिल्याच दिवशी नांगराचा फाळ असा सांधला की शास्त्र गुंडाळून ठेवावं लागलं. तेव्हापासून तो नव्या मशीनला जपायचा. फार जपायचा, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली, पण ते पुढे येईल.

मशीन दोन दिवसांपूर्वी बंद पडली. हिरालालची सून मनाली करडी गावची, आयटीआय झालेली. ओसरीत बसून ती गावाचे पंखे, मिक्सर, टीव्ही सुधरवायची. ओसरीत तिचं राज्य होतं, शेड सासऱ्याची. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं शेडमध्ये पाय टाकला, मशीन उघडली, जळलेल्या ट्रान्झिस्टरची जोडी काढून नवी बसवली आणि बटन दाबलं. असा फट्ट आवाज झाला की धुरपताबाईच्या, तिच्या सासूच्या, खुराड्यातल्या कोंबड्या गोठ्यापर्यंत पळाल्या. मशीनमधून काळा धूर आला. मनालीच्या भुवईचे केस करपले.

"बस झालं," हिरालाल तेव्हा म्हणाला होता. रागानं नाही, भिऊन. पण भ्यालेला सासरा रागावलेल्यासारखाच दिसतो. "हे टीव्ही नोहे. हात लावशील नाही आता. संघपाल आला की विकून टाकू हिले भंगारात. तू आपली ओसरीत बस."

 मनालीजवळ ट्रान्झिस्टरची आणखी एक जोडी उरली होती, शेवटची. ती तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवली. शेडचं दार आपल्याला एकदाच उघडं झालं होतं आणि आपण ते धुरानं काळं केलं, हे तिला जेवण जाऊ देत नव्हतं. मशीन भंगारात गेली तर त्या दारातून पुन्हा आत जायचं कारणच उरणार नव्हतं.

"मंग आता?" जागेश्वरनं विचारलं.

"जुनी आहे ना," हिरालाल उठला. "मेली नाही ते."

जुनीवरचं पोतं काढलं, वायरी जोडल्या, बटन टाकलं. मशीन गूंऽ करून घुमली. हिरालालचा चेहरा खुलला. हा आवाज त्याला लेकराच्या हाकेसारखा. पण तलावाचं पाणी न पोचलेल्यांचे सगळे मोटारपंप त्या वेळी चालू होते आणि गावातली लाईट अर्धमेली झालेली. रॉड टेकवला की चिकटायचा. ओढून काढला की ठिणगी उडायची आणि विझायची. हिरालालनं डोळे चोळले, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा डीपीवर धडाम झालं आणि अर्ध्या गावाची लाईट गेली.

गावाला कारण शोधावं लागलं नाही. "हिरालाल, तुह्या मशीनले आग लागो," असं पलीकडच्या घरातून स्पष्ट ऐकू आलं. पंप बंद, चक्की बंद, मिक्सर बंद. जागेश्वरनं लाइनमन प्रफुल्लला फोन लावला. तो म्हणाला, अड्याळहून फ्यूज तार घेऊन येतो.

"तोवर पाहतो," जागेश्वर म्हणाला. "नाही जमलं तं चाक अड्याळले नेतो, भाऊ. राग मानू नोको."

हिरालालनं राग मानला नाही. तो खाली पाहत राहिला. रॉड का चिकटतो ते त्याला वाटत होतं की माहीत आहे. गेल्या महिन्यापासून नव्या मशीनवरही जाळ थरथरायचा, मधेच तुटायचा. लाईट चांगली असतानाही. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनात धरलं होतं की डोळे गेले. इतकी वर्षं जाळाकडे पाहिलं, आता डोळे हिशेब मागतायत. अवजार तुटक्या अंगानं परत जाणार, आणि ते आपल्यामुळे.

मिक्सर बंद म्हणून रोवणीच्या बायकांच्या जेवणाचं तिखट अडलं. रोवणीच्या टोळीची म्होरकी मंगलाबाई मिरच्यांनी भरलेलं सूप घेऊन धुरपताबाईच्या अंगणात आली. "तुह्याच घरानं लाईट घालवली, तुह्याच उखळात कुटतो," असं म्हणत तिनं मुसळ हातात घेतलं. दुसरं धुरपताबाईनं घेतलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकाच उखळात कांडायला लागल्या. एकीचं वर, एकीचं खाली. जुन्या जोडीदारणी, बोलणं न थांबवता कांडत होत्या. मनाली बाजूला नाकाला पदर लावून मिरच्यांचे देठ मोडत बसली.

थोड्या वेळानं खट्ट असा आवाज आला. दोन मुसळं उखळात एकमेकांवर आदळली. धुरपताबाईच्या मुसळाची कड उडाली आणि तिनं हात झटकला.

"उचल ना वं लवकर! माह्यं मुसळ फोडलं."

"काय करू बापा, मनगट सुजलं आहे पऱ्हे उपटून उपटून," मंगलाबाई म्हणाली. "खाली जाते बरोबर, वर यायले उशीर होते."

"मंग सांगायचं ना! मी आपली माह्या तालात मारून राहिली."

मनालीच्या हातातला देठ तसाच राहिला. तिनं धुरपताबाईच्या मुसळाकडे पाहिलं, मग मंगलाबाईच्या मनगटाकडे. फुटलं एकीचं होतं, उशीर दुसरीचा होता. आणि मशीनमध्ये तिनं स्वतः काय केलं होतं? फुटलेलं मुसळ बदललं होतं. उशीर करणारा हात तसाच ठेवला होता.

ती उठली ती थेट शेडमध्ये गेली. हिरालाल मोडक्या चाकाजवळ बसला होता.

"मामाजी, एकदा अजून उघडू द्या."

"मनाली, मी काय म्हटलं होतं?"

"लाईट तं गेलीच आहे, फुटून काय फुटन? नुसतं पाहू द्या. इकडे अंगणात या एकदा."

हिरालाल कंटाळून उठला, पण उठला. सुनेनं त्याला उखळाजवळ उभं केलं.

"आत्याबाई, तुमी दोघी कांडा. हळू." दोघी कांडायला लागल्या. "हे पाहा मामाजी. आपल्या मशीनीत असेच ट्रान्झिस्टर आहेत, समोरासमोर. एक उघडला की वीज ट्रान्सफॉर्मरमधून इकडून तिकडे जाते. तो बंद झाला की समोरचा उघडते, वीज तिकडून इकडे येते. घरची लाईट आधी सरळ करून कपॅसिटरच्या डब्ब्यायत भरून ठेवली असते, ते हे दोघं मूठ मूठ घेऊन ढकलतात."

"मूठ मूठ?" हिरालाल म्हणाला. "अन् लोखंड वितळते?"

"जुनी मशीन लाईटच्याच चालीनं चालते. चाल हळू, म्हणून एका फेऱ्यात गाठोडंभर न्या लागते. गाठोडं मोठं तं उखळ मोठं, म्हणून ते धोंड. हे नवी एका शेकंदात हजारो फेरे मारते. एवढ्या फेऱ्यायले मूठभर नेलं तरी पुरते. म्हणून हिचा ट्रान्सफॉर्मर नारळाएवढा."

हिरालालनं कांडणाऱ्या हातांकडे पाहिलं. हजारो, तो पुटपुटला. ज्या मशीनला तो टिफीन समजला होता तिच्या पोटात एवढी घाई चालू असते, आणि वरून नुसता पंखा फिरताना ऐकू येतो.

"अन् फुटते कायनं?"

"दोघंही एका वेळी उघडे राहिले तं वीज ट्रान्सफॉर्मरमधून जातच नाही. सरळ एकातून दुसऱ्यात. मुसळावर मुसळ. म्हणून एक पुरा बंद झाल्यावर जराशी उसंत ठेवतात, मंगच दुसरा उघडते. आपल्यातला कोणी तरी बंद व्हायले उशीर करून राहिला. मी जळलेले बदलले, पण त्यायले उघड-बंद करणारं सर्किट पाहिलंच नाही. तेच चुकलं माह्यं."

मंगलाबाई कांडायची थांबली. "म्हणजे माह्यं मनगट," ती म्हणाली.

"हो मावशी. तुमचं मनगट."

हिरालालनं मान हलवली.  "पाह्य," तो म्हणाला. "पण पुन्हा फट्ट झालं तं..."

"तं मी ओसरीतून उठणार नाही," मनाली म्हणाली.

तिनं मशीन शेडच्या तोंडाशी, उजेडात आणली. सर्किटची मुख्य पट्टी खोलली. पहिल्या वेळी तिनं फक्त मोठे ट्रान्झिस्टर पाहिले होते, या वेळी बाजूची छोटी उभी पट्टी बाहेर काढली. प्रत्येक ट्रान्झिस्टरला उघड, बंद, उघड, बंद असा हुकूम इथून जायचा. पट्टीचं एक अंग स्वच्छ होतं. दुसऱ्या अंगावर करडा लगदा चिकटला होता, वाळलेला. बोटानं खरवडला तर भाताच्या कोंड्याचा बारीक भुगा. त्याखाली तांब्यावर हिरवा गंज, आणि गंजात एका बारीकशा रेझिस्टरचा पाय कुजून सुटलेला.

"इथं पाणी कुठून आलं?" ती म्हणाली. "एकाच बाजूनं आलं आहे. पंख्याच्या."

 हिरालाल वाकला आणि मशीनच्या जागेजवळ पडलेलं पोतं उचललं. धानाचं जुनं पोतं, घडी घातलेलं, अजून ओलसर.

जुनी मशीन तापायची तेव्हा तो तिच्यावर ओलं पोतं टाकायचा. वीस उन्हाळे त्यानं तिला तसं थंड ठेवलं होतं. रांजणाला गुंडाळतात तसं. नवी आली तेव्हा त्याला दिसलं की हिला मागून पंखा आहे, तो हवा आत ओढतो. मग पंख्यासमोरच ओलं पोतं टांगलं तर? आत थंड हवाच जाईल. लेकराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं तो रोज सकाळी ते पोतं भिजवून टांगायचा. पंखा थंड हवा ओढत होता, आणि तिच्यासोबत ओल आणि पोत्यातला कोंडाही.

"मीच," हिरालाल म्हणाला. "मीच मारली हिले."

मनालीनं हातातलं काम खाली ठेवलं. "मारली नाही मामाजी. जपता जपता झालं. जुनीले चालते ते हिले चालत नाही, एवढंच."

"वरून मनात म्हणत होतो माहे डोळे गेले."

"काय?"

"महिनाभर जाळ थरथरत होता. मले वाटे डोळे." तो कसनुसं हसला.  मनालीनं त्याच्या हातात जुना दात घासायचा ब्रश आणि थिनरची बाटली दिली.

"हे साफ करा. हळू. तुमचा हात माह्यापेक्षा हलका आहे."

सासरा कोंडा घासत बसला आणि सून बंद टीव्हीच्या पट्टीवरून तसाच रेझिस्टर शोधत बसली. लाईट नव्हती, म्हणून धुरपताबाईनं चुलीत सळई तापवून आणून दिली. त्या सळईनं मनालीनं जुना रेझिस्टर उतरवला आणि नवा बसवला. पट्टी उन्हात टिनावर वाळवून परत जागेवर बसवली. मग पदराची गाठ सोडून शेवटची जोडी काढली, पाठीला उष्णता ओढणारा पांढरा लेप लावून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट केली.

प्रफुल्लनं डीपीवर तार घातली आणि घराघरांतले पंखे फिरले. जागेश्वर चाक ट्रॉलीत टाकायला आला होता, तोही थांबला. मनाली मात्र बटन दाबेना.

"आत्याबाई, पिलांजवळचा बल्ब पाहिजे."

"कोणता? पिवळा?" धुरपताबाई चरकली. खुराड्यातल्या खोक्यात कोंबडीची इवलीशी पिलं होती आणि त्यांना ऊब द्यायला जुन्या तारेचा मोठा बल्ब लावलेला. गावात तसा बल्ब आता मिळत नाही. "माही पिलं गारठतीन ना."

"थोडा वेळ. वीज आधी बल्बमधून नेतो, मंग मशीनीत. आत अजूनही मुसळावर मुसळ पडत असन तं बल्ब पुरा पेटन अन् मशीन वाचन. माहे ट्रान्झिस्टर वाचतीन. पहिल्या वेळी हेच केलं नाही मी."

बल्ब आला. मनालीनं तो मशीनच्या वायरीत जोडला आणि शेडच्या खांबाला टांगला. सगळे बल्बकडे तोंड करून उभे राहिले. मंगलाबाईच्या हाताला मिरची लागलेली, ती डोळे पुसायचं टाळत होती.

"पेटून राहिला तं वाईट," मनालीनं पुन्हा सांगितलं. "विझला तं चांगलं."

तिनं बटन दाबलं. बल्ब भक्कन पेटला. पिवळा, झगझगीत. हिरालालनं डोळे मिटून घेतले. मनालीनं बोट बटनावरच ठेवलं. बल्ब पेटलेला होता, पेटलेला होता, आणि मग त्याच्यातली तार तांबडी होत गेली. तांबूस. नुसती रेघ. डब्ब्या भरल्या होत्या. मशीननं आणखी वीज मागितली नाही. बल्ब विझला, आणि मशीनचा पंखा, अर्ध्या विजेवर, हळूहळू फिरायला लागला.

"विझला!" मनाली ओरडली.

"विझला तं हसून काय राहिली पोरगी?" डीपीवरून नुकताच आलेला प्रफुल्ल म्हणाला. कोणी त्याला समजावलं नाही.

बल्ब काढून धुरपताबाईच्या हातात दिला, ती पळतच खुराड्याकडे गेली. मनालीनं मशीन सरळ लाईनवर घेतली. फट्ट झालं नाही. पंखा भरभर फिरू लागला. तिनं होल्डर उचलला आणि सासऱ्यापुढे धरला.

हिरालालनं काच डोळ्यांवर ओढली. चाकाची उखडलेली पट्टी जागेवर धरली आणि रॉड टेकवला. पंप चालू होते, लाईट अर्धमेलीच होती, पण जाळ धरला तो धरलाच. तेलात भजी सोडावी तसा एकसारखा चर्रर आवाज. रॉड चिकटला नाही. काचेतून त्याला वितळलेल्या लोखंडाचं तळं दिसत होतं, स्वच्छ, काठासकट. त्याचे डोळे गेलेले नव्हते. तो टोकापर्यंत गेला, थांबला, हातोडीनं वरची साल ठोकून काढली. खाली सांधा ओळीनं बसला होता, शिवणीसारखा.

"अशी ओळ तं माही जवानीतही नव्हती," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून दुपट्ट्यानं पुसलं. घाम होता असं आम्ही धरून चालतो.

बाकीच्या पट्ट्या झाल्या. चाक ट्रॉलीत चढलं. चाक अड्याळला न गेल्यानं जागेश्वरचा चेहरा खुलला होता. मंगलाबाई तिखटाचा डबा कडेवर घेऊन बांधीकडे निघाली, जाताना म्हणाली, "मनगटाचं औषध आहे का वं तुह्याजवळ, मिस्त्री?"

सगळे हसले. हिरालाल हसला नाही. त्यानं ते पोतं उचललं, अंगणात नेऊन दगडावर आपटलं. कोंडा उडाला. मग दोरीवर वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर पुन्हा आला. दुसऱ्या चाकाची पट्टी हलत होती. हिरालाल शेडच्या दारात विडी ओढत बसला होता.

"भाऊ, पाहतं का जरासं?"

"मले काय विचारतं? तिले विचार," हिरालाल म्हणाला आणि मानेनं आत दाखवलं.

आत मशीनच्या पुढ्यात ते धानाचं पोतं अंथरलं होतं, कोरडं, चौघडी घालून. त्यावर मनाली बसली होती.